साधाच घेतला ना?

श्रीसिद्धेश्वराचे स्मरण करून आज दसऱ्याच्या पूजेत घरच्या लॅपटॉपला हळदकुंकू वाहिले, तेव्हा लातूरचे ते अरुंद दुकान आठवले. वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवणीसाठी तेथे राहिलेली माझी नात मोजक्या पैशांत गेम चालणारा लॅपटॉप शोधत होती. "स्क्रीन जरा फिकी हाय महाराज, पण ह्या भावात ग्राफिक्स कार्डवाला दुसरा न्हाई," माझ्या कपाळीचे भस्म पाहून दुकानदार म्हणाला. "फिकी तर फिकी! दोन वर्षं नुसती पुस्तकंच बघून राहिले मी," नात हरखली. मी मान डोलावली, तोच तिच्या वडिलांचा, माझ्या मुलाचा, फोन आला. "बाबा, साधाच घेतला ना? गेमचा नको. तुमच्या भरवशावर पाठवलंय तिला." खोटे बोलवेना, खरे सांगवेना. लातूरकडच्या त्या मोठ्या भूकंपात निदान घराबाहेर धावता आले होते. येथे दार उघडे असूनही मी अडकलो. नातीने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, फोन घेतला आणि ती म्हणाली, "साधाच घेतोय, पप्पा." मग दुकानदाराला म्हणाली, "काका, तो साधा बांधा." माझे सत्य राहिले, पण त्याचे मोल तिने दिले, हे अजून डाचते. वाचकहो, आपल्या घरी लेकरांना मनातले निर्भयपणे मागता यावे आणि वडीलधाऱ्यांना त्यांच्या बाजूने बोलण्याचे धैर्य लाभावे, हाच आशीर्वाद.