पाय टेकणारा सायकलस्वार

प्रिय मुलांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्यातल्या थोरलीने मला तिची नवी सायकल दाखवली आणि मनगटावरचं घड्याळही दाखवलं. ते तिची नाडी मोजतं, वेग मोजतं, झोपसुद्धा मोजतं. त्याच सकाळी आमच्या शेजारणीचा मुलगा मला वाकून नमस्कार करून गुजरातेत दहेजच्या एका कारखान्यात नोकरीवर रुजू व्हायला गेला. या दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या म्हणून त्याच्याविषयी लिहायला बसले. नाही तर आज-उद्या करत राहिले असते, आणि माझ्या वयाच्या बाईने फार उद्यावर टाकू नये. तर पहिल्यांदा हे ध्यानात घ्या की अख्ख्या पालघर जिल्ह्यात त्याच्याइतक्या वेगाने सायकल चालवणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि त्याच्याइतका उशिरा पोचणाराही पाहिलेला नाही.

वय सव्वीस. पाम गावात आमच्या कुंपणाला लागून त्यांची वाडी. इतके दिवस कुंभवलीच्या बाजूला एका कारखान्यात पाळीने कामाला जायचा आणि पाळी सुटली की सायकलवर बसायचा. ही सायकल त्याने वाडीतल्या चिकूच्या काट्यावर टांगून मला वजन दाखवलं होतं. "आजी, चिकूच्या अर्ध्या क्रेटपेक्षा हलकी हाय," तो म्हणाला. मग स्वतः काट्याला लोंबकळून स्वतःचंही वजन दाखवलं आणि पाव किलो वाढलंय म्हणून दिवसभर खिन्न होता. जेवणाचं त्याचं शास्त्र वेगळंच होतं. भाताचा डोंगर चालायचा पण वरचं तूप नको, केळी डझनाने चालायची पण आईची पुरणपोळी मात्र "स्पर्धेनंतर". आता ज्याची स्पर्धा कधीच पुरी होत नाही, त्याच्या आईने पुरण शिजवायचं तरी कधी?

एकदा त्याने दोन्ही पाय गुडघ्याच्या वरपर्यंत गुळगुळीत भादरले. पडून खरचटलं तर जखम लवकर धुता येते, मालीश नीट होते, मोठे सायकलस्वार असंच करतात, असं त्याने मला सविस्तर समजावलं, आणि मला ते पटलंही. पण त्याची आई पायरीवर मासळी साफ करत बसली होती. तिने वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "बाप जित्ता हाय अजून. पायाचं मुंडण कोणासाठी केलंस?" त्या अंगासरशी चिकटणाऱ्या आखूड चड्डीचीही अशीच गोष्ट. ती घालून गावातल्या वडीलधाऱ्यांसमोरून जायची त्याला लाज वाटे, म्हणून तो वरून पंचा गुंडाळून निघायचा आणि वेस ओलांडली की पंच्याची घडी पाठीवरच्या खिशात ठेवायचा. परत येताना वेशीवर थांबून पुन्हा गुंडाळायचा. एकदा वाऱ्याने पंचा चाकात गेला तेव्हा तो पडला, पण उठल्यावर आधी पंचा नेसला आणि मग कोपर पाहिलं.

मात्र त्याच्या उशिराचं खरं कारण पंचा नव्हे. आमच्याकडे रीत अशी की सायकलवरून जाताना ओळखीचं माणूस दिसलं तर पाय टेकायचा. म्हणजे थांबायचं, एक पाय जमिनीला लावायचा, "बरं हाय ना?" विचारायचं, उत्तर ऐकायचं आणि मगच पुढे जायचं. नुसता हात हलवून जाणारा माणूस उद्धट, आणि न बघता गेला तर भांडण झालेलं. हल्ली मोटारसायकलवरची मुलं ही रीत पाळत नाहीत. याने मात्र ती आजोबांकडून घेतली होती आणि आजोबांनी ती शिकवली तेव्हा त्यांच्या मनात ताशी चाळीस किलोमीटर नव्हते. त्यातून याला ओळखी फार. मनोरपासून तारापूरपर्यंतच्या रस्त्यावर याचा आत्या, मावश्या, शाळासोबती, कारखान्यातले मित्र असा एकूण गोतावळा पाहिला तर याने चालत गेलं काय आणि सायकलवर गेलं काय, सारखाच वेळ लागे.

आणि पुढे तर ओळखीचीही गरज उरली नाही. एका श्रावणात तो एका दिवसात जव्हारला जाऊन यायचं म्हणून पहाटे निघाला आणि तिसऱ्या दिवशी आला. वाटेत पाणी मागायला एका डोंगरावरच्या घरी थांबला, तर त्यांची भाताची आवणी, म्हणजे लावणी, राहिली होती आणि घरातलं एक माणूस तापाने पडलेलं. याने आईला फोन केला, "आई, आवणी चालू हाय, दोन दिस लागतील," आणि त्याच आखूड चड्डीत चिखलात उतरला. परत येताना सायकलच्या दांड्याला नागलीच्या पिठाची पिशवी आणि खिशात त्या घरच्या लग्नाचं आमंत्रण. सरासरी वेग किती पडला असं मी विचारलं तर म्हणाला, "आजी, आवण्या धरून की सोडून?"

स्पर्धांचं तर विचारूच नका. पाच स्पर्धांत उतरला आणि पाचही अर्ध्यावर सोडल्या किंवा मुदतीनंतर पुऱ्या केल्या. एकदा नाशिकच्या कुणा स्पर्धकाचं पंक्चर काढून दिलं, तो तिसरा आला. एकदा मासवणला त्याची आत्या ओवाळायचं ताट घेऊन रस्त्यात उभी राहिली. हा थांबला, त्याला ओवाळून झालं, तोवर मागून आलेल्या चौघांनाही तिने थांबवलं, कारण एकालाच कुंकू लावून बाकीच्यांना तसंच कसं सोडायचं? त्या वर्षी पहिल्या दहांत चार जण कुंकवाचे टिळे लावून आले, आणि त्यांत हा नव्हता, कारण तो आत्याच्या सासूच्या पाया पडायला घरात गेला होता.

यंदा सहाव्या स्पर्धेआधी त्याची आई माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. चहा घेतला, पण प्याली नाही. "काकी, लोक विचारतात कितवा आला. आमी तो येतो काय तेच बघत असतो. हसतात लोक. त्याला कळत नाय, मला कळतं." मग म्हणाली, "यंदा वेळेत पोचला तर ठीक. नाय तर सायकल विकायची. माझ्या भावाने गिऱ्हाईक बघून ठेवलंय." त्यानेही कबूल केलं होतं. मला सांगताना तो हसला, पण त्या आठवड्यात त्याने सायकल तीनदा धुतली.

तुम्हाला माहीत आहे, मला गोष्टी नीट लावायची सवय आहे. मी कागद घेतला आणि स्पर्धेच्या वाटेवरची त्याच्या गोतावळ्यातली घरं लिहून काढली. पालघरहून निघून मासवण, मनोर, मग चिल्हार फाट्याने बोईसर, पाम आणि शेवट तारापूर. चौदा घरं भरली. चौदाही घरी मी स्वतः फोन केला आणि सांगितलं, की रविवारी सकाळी तो जाईल तेव्हा हाक मारू नये, हात करू नये, समोर यायचं झालंच तर पाठ करून उभं राहावं. समोरून तोंड दिसलं तर तो थांबेल, पाठ दिसली तर जाईल. योजनेत मला काही खोट दिसली नाही. खोट अशी होती, की आमच्याकडे पाठ फिरवणं म्हणजे माणसाला टाकणं, आणि ही पाठ नुसती सोंगाची आहे हे मी चौदा घरांना सांगितलं, त्याला एकट्याला सांगायचं विसरले.

साडेसहाला स्पर्धा सुटली. नऊच्या आत तारापूरला पोचेल त्याचंच नाव यादीत धरणार होते. मासवणपर्यंत तो पहिल्या पाचांत होता. तिथे रस्त्याच्या कडेला आत्या, तिचे यजमान, सासूबाई आणि दोन जावा ओळीने भिंतीकडे तोंड करून उभ्या. आत्याला राहवलं नव्हतं म्हणून ताट हातात होतंच, पण ती भिंतीला ओवाळत असल्यासारखी दिसत होती. हा तसाच पुढे गेला. मनोरला मावशीचं घर, तिथेही पाठी. चिल्हारला शाळेतला मित्र टपरीकडे तोंड करून चहा पीत होता, तो वळलाच नाही. तेव्हा याच्या मनात आलं, की आपल्या हातून काहीतरी मोठं चुकलंय आणि सगळ्यांनी मिळून आपल्याला टाकलंय. मग तो प्रत्येक घरी थांबू लागला. "काय चुकलं माझं, सांगा तरी." तेही माझ्या सूचनेला इतके पक्के, की कुणी वळेना आणि बोलेना. बोईसरला त्याचा काका तर दार लावून आत बसला होता. हा बाहेरून दहा मिनिटं कडी वाजवत होता.

पाममध्ये आला तेव्हा आठ वाजून पंचेचाळीस मिनिटं झाली होती. मी माझ्या फाटकात घड्याळ धरून उभी होते. तारापूर इतकं जवळ, की तरीही तो पोचला असता. पण त्यांच्या फाटकात त्याची आई उभी होती, पाठ करून. मीच सांगितलं होतं.

त्याने पाय टेकला. "आई, तू पण?"

ती न वळता म्हणाली, "जा रे पुढं. थांबू नको."

"माझं काय चुकलं ते सांग, मग जातो."

"काय नाय चुकलं. ही पाठ माझी नाय, काकींची हाय. त्यांनी फिरवायला लावली."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी घड्याळाकडे बोट दाखवत होते. "मग वळ ना," तो आईला म्हणाला. ती वळेना. तो जाईना. शेवटी ती वळली आणि पदराने त्याचं तोंड पुसलं, आणि पुसताना त्याच्या नाकावर चांगलीच टिचकीही मारली. मगच तो निघाला. यात सात मिनिटं गेली.

मी रिक्षा करून त्याच्या मागे निघाले. रिक्षावाला बिहारचा, रोज कामगारांना नेणारा. दोन वळणांनंतर त्याने हात टेकले. "माताजी, ये लड़का पकड़ में आनेवाला नहीं है." तरी तो लांबून दिसत राहील इतपत त्याने रिक्षा पळवली. इतक्या वेगाने मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं. वाटेत ओळखीचे तिघे दिसले, तिघांसाठीही त्याने पाय टेकला नाही, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला ते आवडलं नाही.

तो पोचला तेव्हा नऊ वाजून चार मिनिटं झाली होती. मांडवाचे बांबू सुटायला लागले होते. टेबलावरच्या मुलीने मान हलवली आणि वही मिटली. त्याने तिला "बरं हाय ना?" विचारलं, पाणी प्यायला आणि सायकल हातात धरून माझ्या रिक्षाबरोबर चालत घरी आला.

त्याची आई पायरीवर बसली होती. तिचा भाऊही आला होता, आणि गिऱ्हाईक त्याच्याबरोबर. "पोचला?" तिने मला विचारलं.

"पोचला," मी म्हटलं.

"वेळेत?"

मी आयुष्यात कुणाला चुकीची वेळ सांगितलेली नाही. "चार मिनिटं उशीर झाला."

तिने पदर खोचला. मग भावाला म्हणाली, "माझ्या दारात किती थांबला?" त्याला कसं ठाऊक असणार? मी सांगितलं, सात मिनिटं. "मग ती माझी ना," ती म्हणाली. "माझ्यासाठी थांबला ते त्याच्या नावावर कशाला धरायचं? सात काढ, तो तीन मिनिटं आधी पोचला." भाऊ काहीतरी बोलू लागला, तर तिने त्या गिऱ्हाईकाला चहा दिला आणि चहाबरोबर निरोपही दिला. त्या दुपारी त्यांच्याकडे पुरण शिजलं.

दहेजला सायकल नेता आली नाही. तिथे खोलीत चौघं राहतात आणि रस्त्यावर टँकर फार, असं तो म्हणतो. तिथल्या रस्त्याला त्याच्या ओळखीचं कुणीच नाही, तेव्हा तो न थांबता कितीही वेगाने जाऊ शकला असता, असं माझ्या मनात आलं, पण मी त्याला बोलले नाही. सायकल इथेच आहे, त्यांच्या पडवीत, दोन खुंट्यांवर. परवा मी कुंपणापाशी गेले तर त्याची आई चाकात हवा भरायच्या बारीक तोंडाच्या त्या नळीशी पंप घेऊन झगडत होती. तिला कसं लावायचं ते येत नव्हतं, मलाही येत नव्हतं. आम्ही त्याला फोन करून विचारलं. आता जमतं. दर शनिवारी दोन्ही चाकांत हवा भरायची, असं तिने ठरवलंय.

तुमची,
आजी