भाऊजींची एकच कमांड

समस्त सोयरे, शेजारी आणि घरात संगणक बाळगणाऱ्या तमाम कुटुंबप्रमुखांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं की, दुसऱ्याच्या संगणकाचा सीडीचा कप्पा दुरून, न विचारता आणि चारचौघांत कधीही उघडू नये. मी उघडला. आमचं घराणं त्या धक्क्यातून अजून सावरलेलं नाही.

पांढरकवड्यात माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. काळ्या पडद्यावर कमांडा लिहून यंत्रांना नाचवणं हा माझा जुना नाद. लोक पत्ते खेळतात, मी हे करतो.

राळेगावला थोरल्या ताईकडे एक म्हातारा संगणक होता. विंडोजच्या ओझ्याखाली तो इतका कण्हायचा की मी विंडोज काढून त्याच्यात हलकंफुलकं लिनक्स घालून दिलं. सीडीच्या कप्प्याचं बटण मोडलं होतं, म्हणून भाऊजींना म्हटलं, "काळी खिडकी उघडा अन् 'इजेक्ट' लिहा. कप्पा आपोआप बाहेर येते. पुढं 'टी' लावला का आत जाते."

भाऊजींचे डोळे लकाकले. "बापू, पुन्हा सांग बरं."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पाठ केलं.

त्याच सुमारास त्यांचा खर्रा सुटला होता. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला हा पदार्थ भाऊजींनी उभं आयुष्य गालात धरला होता. मग तोंड उघडेना. यवतमाळच्या डॉक्टरांनी दातांच्या फटीत बोटं घालून पाहिली. दोनच गेली. "आज सोडा, नाहीतर पुढं तोंडात काय निघेल ते मला विचारू नका," ते म्हणाले. घरी येताच भाऊजींनी देवासमोर शपथ घेतली.

तेव्हापासून ताई रोज संध्याकाळी त्यांना खुर्चीत बसवायची. "तोंड उघडा." दोन बोटं जायची, तिसरं अडायचं. महिने गेले तरी अडायचं. मग ती मला फोन करायची. "खर्रा तर सोडला न रे यायनं. मंग तोंड काहून नाही उघडून राह्यलं? आतमंधी भलतंच काही तर नसन?" ती रोज खिसे हुंगायची, उशीखाली बघायची. काही सापडत नव्हतं, म्हणून तर भीती वाढत होती. शेवटी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात तपासणी ठरली.

या काळजीत एकच आनंदाची गोष्ट होती: भाऊजींना संगणकाची गोडी लागली. जेवण झालं की संगणकासमोर. चहा झाला की संगणकासमोर. मी दुकानात गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगायचो, "आमचे भाऊजी! कापूस-तुरीचा माणूस, पण लिनक्सवर बसतो!"

दिवाळीच्या सुट्टीत मी राळेगावला गेलो. भाचीही पुण्याहून मॅकबुक घेऊन आली होती. शेजारच्या दोन बायका फराळाला आल्या होत्या. म्हटलं, ताईचं मन जरा रमवावं. मॅकला 'से' ही कमांड देऊन मी मजकूर लिहिला. त्याच्यातली हिंदी बोलणारी बाई ठसक्यात वदली, "ताई, चिवड्यात मीठ कमी आहे!"

"अवं माय!" एक शेजारीण लाडू घेऊन दाराकडे पळाली.

मग माझ्या विंडोजच्या लॅपटॉपवर पडद्याची अक्षरं हिरवी केली आणि 'ट्री' लिहिलं. फोल्डरांची नावं धबधब्यासारखी कोसळू लागली. "हे काय, बँक लुटून राह्यले का मामा?" भाची म्हणाली. कित्येक दिवसांनी ताई हसली.

माझा फेटा आता आभाळाला टेकला होता. मी उभा राहिलो. "आता शेवटचा खेळ! कोपऱ्यातल्या त्या संगणकाले कोणी हात लावणार नाही. मी इथून, खाटेवर बसून, त्याले जीभ काढाले लावतो!"

लॅपटॉपवरून मी त्या संगणकात शिरलो. पासवर्ड मीच ठेवलेला. 'इजेक्ट' लिहिलं. तेवढ्यात शेतातून आलेले भाऊजी दारात उभे राहिले. पडद्यावरचा शब्द त्यांनी ओळखला. त्यांना तेवढा एकच शब्द येत होता.

"अबे थांब! थांब!"

मी एंटर दाबलं होतं.

घर्रर्र करत कप्पा बाहेर आला. त्यावर, गोल खाचेत नीट चपटी करून बसवलेली, रबर लावलेली खर्र्याची पन्नी.

घाबरून मी 'टी' लावून एंटर दाबलं. कप्पा पन्नी घेऊन आत गेला.

"पुन्हा काढ," ताई म्हणाली. आवाज अगदी हळू होता.

पुन्हा काढला. पन्नी तिथंच होती, किंचित दबलेली. आम्हा सगळ्यांची तोंडं उघडी पडली होती. माझं, भाचीचं, शेजारणींचं. भाऊजींचंही पडलं असतं, पण ते दोन बोटांवर अडलं. ते मी पाहिलं आणि माझं हसू घशातच राहिलं.

ताईनं पन्नी उचलली आणि चुलीत टाकली. मग त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "मी रातभर जागून राह्यली. मले वाटे, तुमी सोडला तरी रोग खाऊन राह्यला. अन् तुमी मशीनच्या पोटात दुकान मांडलं?"

भाऊजी खाली बघत म्हणाले, "नाही जमलं मले. सांगाची हिंमत नाही झाली."

"नागपूरच्या डॉक्टरले सांगाल?"

"सांगतो."

"बापू, पेचकस आण," ताईनं मला फर्मावलं. मी तिथल्या तिथं पेच सोडवून कप्पा काढला आणि तिच्या हातात ठेवला. संगणकाच्या तोंडावर चौकोनी भोक राहिलं. भाऊजींनी वाकून त्या भोकात डोकावून पाहिलं. मग खऱ्याखुऱ्या दुःखानं त्यांच्या तोंडून निघालं, "मंग आता कम्प्युटर शिकू तरी कायले मी?"