फ्लोटची पिन

लकवा मारल्यानंतर ह्यांचा उजवा हात परत आला, पण अर्धाच. कप उचलता यायचा, शर्टाचं बटन लागत नव्हतं.

आमचं नागपुरातलं गॅरेज लहानसं. जनरेटर, मोपेड, फवारणीचे पंप यायचे. कारबोरेटर साफ करण्यात मात्र ह्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यातल्या जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या पितळी नळीचं, भोक केसाएवढं, पितळ मऊ. त्यात तार घालणाऱ्यावर हे भडकायचे. "भोक मोठं झालं की इंजिन पेट्रोल ढोसते," म्हणायचे.

दिवाळीनंतर नरखेडकडचा एक जुना गिऱ्हाईक संत्र्याच्या बागेतला पंप घेऊन आला. पेट्रोल आत वाळून चिकट झालं होतं. "भाऊ, तुमच्याच हातानं करून द्या," तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी ह्यांचा चेहरा उजळला.

मी म्हटलं, "तुम्ही सांगा, मी खोलते."

"काहून? माझे हात मेले काय?"

ह्यांनी हळूहळू कारबोरेटरची खालची वाटी काढली. जेट भिजवून, फुंकर मारून उजेडाकडे धरला. "पाह्य वं, आरपार दिसून राहिलं." मी हसले. वाटलं, आता हे सावरतील.

राहिला होता फ्लोट, वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणारा. त्याची पिन ॲल्युमिनियमच्या दोन बारीक खुंट्यांत बसलेली असते, आणि ती अडकली होती. पूर्वी हे खालून बोटाचा आधार देऊन ती अलगद सरकवत. या वेळी उजव्या हाताला झटका आला. कट्कन आवाज झाला आणि एक खुंटी तुटून पडली; कारबोरेटरच वाया गेला.

"जाऊ द्या भाऊ, जुनंच होतं," गिऱ्हाईक म्हणाला आणि पंप उचलून निघून गेला.

"चिकटवता नाही येत का?" मी विचारलं.

"पेट्रोलात नाही टिकत," हे म्हणाले. तुकडा कितीतरी वेळ तळहातावर तसाच होता.

त्यानंतर हे गॅरेजमध्ये आले नाहीत. मी समजावलं, रागावले, एकदा पायाही पडले. मग मीही शटर उघडणं सोडलं.

परवा शेजारच्या गल्लीतले एक काका मोपेड ढकलत दारात आले. आतून हे म्हणाले, "सांग त्याले, मी घरी नाही."

मी बाहेर जाऊन तसंच सांगितलं.

"अवो, खिडकीतून तर दिसून राहिले ना," काका म्हणाले.

मी दार लावून घेतलं.