ज्या दिवशी मी लेकीच्या पाया पडले

“सेरोटोनिन सिंड्रोम,” आयसीयूच्या दारात डॉक्टर म्हणाले. मेंदूतलं एक रसायन इतकं वाढतं की अंग तापतं, ताठरतं, माणूस भ्रमात जातो. मग त्यांनी माझ्या श्वेताच्या कपाळावरचं कुंकू पाहिलं.

“सुरू कधी झालं?”

“सकाळी नऊला.”

“आता दोन वाजलेत. इतका वेळ काय केलंत?”

काय सांगणार, कपाळ! नवरात्राची सातवी माळ होती. श्वेता मैत्रिणीकडून आली ती घुमतच. डोळे थरथरत होते, दात कराकरा वाजत होते. माझ्या जाऊबाईंनी हात जोडले. “अगं, गडावरची आई आली अंगात!” आम्ही मळवट भरला, अंगावर शालू पांघरला, खिडक्या लावून धूप घातला. पंचवटीतली आमची अर्धी गल्ली दर्शनाला आली. श्वेता माझ्याकडे एकटक बघत म्हणाली, “बाई, तुम्ही कोण?” तरीही मी तिच्याच पायांवर डोकं ठेवून विचारलं, “आई, माझ्या श्वेताचं लग्न कधी होईल?”

पाय तव्यासारखे तापले होते. ते मी देवीचं तेज समजले. फिट आली तेव्हा कुठे आम्ही रिक्षा बोलावली.

मैत्रिणीने दुसऱ्या दिवशी रडत सांगितलं. त्र्यंबक रोडच्या फार्महाऊसवर पार्टी होती, तिथे श्वेताने ‘एमडीएमए’ म्हणून एक नशेची गोळी घेतली होती.

“शुद्ध असती तरी धोका होताच,” डॉक्टर म्हणाले. “त्या गोळीत काय कालवलं होतं, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसेल.”

मग रॅब्डोमायोलिसिस. म्हणजे स्नायू विरघळून रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडं बंद पडू लागतात. पिशवीतली लघवी काळ्या चहासारखी. चार वेळा डायलिसिस झालं. बाहेर बाकावर भेटायला आलेल्या शेजारणी मलाच नमस्कार करायच्या, आणि मी गप्प राहायचे. देवीच्या नावाखाली अब्रू झाकली जात होती ना!

सातव्या दिवशी श्वेता म्हणाली, “आई, पाणी.” मी ढसाढसा रडले. तिथल्या सिस्टरांचे उपकार मी कधी विसरणार नाही.

ती घरी आली, सावरू लागली. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात समोरच्या वहिनी धापा टाकत दारात आल्या. “आमच्या प्राचीच्या अंगात आलंय हो, पार फणफणलीये. तुम्ही काय काय केलं होतंत तेव्हा?”

श्वेता आतून ऐकत होती.

“आमच्या श्वेताने नशेची गोळी घेतली होती, वहिनी,” मी म्हणाले. “देवी नव्हती ती. प्राचीला उचला, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचंय.”