पाणी न पिणारं कापड

बंद काळी पिशवी तुमच्या हातात दिली, तर न उघडता तिच्यात काय आहे ते सांगाल? कागद आहे, काच आहे, की दुसरंच काही? नाही सांगता येणार. काटाबाईला येतं. बावीस वर्षं तिने सुक्या कचऱ्याच्या शेडमध्ये, सरकत्या पट्ट्याच्या डाव्या बाजूला तिसऱ्या जागी उभं राहून काढली. पिशवी उचलली की ती अंदाजाने वजन बोलायची, म्हणून तिला काटा हे नाव पडलं. जिभेमुळे पडलं, असंही लोक तिच्या पाठीमागे म्हणायचे. तिला दोन्ही कारणं माहीत होती आणि दोन्हींचा थोडाथोडा अभिमान होता.

पट्ट्यावर येणाऱ्या वस्तूंपैकी एकीला मात्र ती वजन सांगायची नाही, नुसती शिवी द्यायची. ती वस्तू म्हणजे बाळाचा वापरलेला डायपर. तो कधी उघडा येत नाही. लोक त्याची गुंडाळी करतात, त्याच्याच चिकटपट्टीने आवळतात आणि बिस्किटांच्या पुड्यात, बुटांच्या खोक्यात, कधी दुधाच्या पिशवीत कोंबतात. चोरीचा माल लपवावा तसा. खोकं हलकं दिसतं, हातात घेतलं की खाली ओढतं. आत हात घालावाच लागतो, कारण खोक्याचा पुठ्ठा वेगळा जातो. हातमोजे महिन्याला एकच जोड मिळतात आणि ते पंधरा दिवसांत बोटांवर फाटतात. एकदा एक गुंडाळी पट्ट्याच्या दात्यांत सापडून फुटली. आतला फुगलेला लगदा साबुदाण्यासारखा पार तिच्या कोपरापर्यंत उडाला. पट्टा थांबवला म्हणून सुपरवायझरने तिलाच झापलं. त्या दिवशी तिने डबा खाल्ला नाही.

म्हणून सुनेला दिवस गेले तेव्हा काटाबाईने भर जेवणाच्या सुट्टीत जाहीर केलं, "माझ्या घरातून या पट्ट्यावर एकही गुंडाळी येणार नाही. लिहून घ्या."

शेजारच्या जागेवरची बुटकी तिची अठरा वर्षांची जोडीदारीण. ती घास न थांबवता म्हणाली, "बोलायला काय जातंय? लंगोट धुवायला सून आहेच."

"सून कशाला धुवेल? माझे हात काय भाड्याने दिलेत?"

"बघू," बुटकी म्हणाली. तिच्या त्या 'बघू'त अख्खं कोर्ट भरलेलं असायचं.

काटाबाईने शब्द पाळला. धुऊन धुऊन पातळ झालेल्या चार सुती चादरी तिने फाडल्या, चौकोन कापले, कडा मशीनवर दुमडल्या. तीन डझन लंगोट झाले आणि आत घालायला जाड घड्या वेगळ्या. नात जन्मली. कपाळाला आठी घालूनच आली, म्हणून तिचं नाव पडलं ठमी. काटाबाई पहाटे उठायची, नळाखाली लंगोट खळबळायची, साबणात भिजवायची, कामावर जायच्या आधी गच्चीवर वाळत घालायची. पाच महिने सगळं सुरळीत चाललं. ठमीच्या अंगावर एक पुरळ नाही. सून घरीच होती, ओलं झालं की लगेच बदलत होती.

मग सुनेची रजा संपत आली. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. हाताला बारकाई लागणारं काम, आणि दुकानात तिच्या जागेवर डोळा ठेवून बसलेली दोन माणसं. मुलगा मालाची गाडी चालवायचा, तो सकाळी गेला की रात्रीच उगवायचा. घराजवळ पाळणाघर एकच होतं, आणि पाळणाघरवाल्या ताईंचा नियमही एकच: बाळ येताना विकतचे डायपर घेऊन येणार.

काटाबाई स्वतः गेली. पाळणाघर म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या, भिंतीला लागून आठ गाद्या, खिडकीत वाळत घातलेल्या चिमुकल्या मोज्यांची रांग. ताई एका मुलाला खांद्यावर थोपटत उभ्या होत्या.

"काकू, माझ्याकडे आठ मुलं आणि हात दोन," त्या म्हणाल्या. "कापडाचं कौतुक आईला परवडतं."

"तुम्हाला कोणी धुवायला सांगितलंय का? नुसतं सोडायचं आणि बांधायचं."

"आणि गादी भिजली तर?"

"नाही भिजणार. भिजली तर आमची पोर उचलून घेऊन जाऊ."

ताईंनी मूल दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "ठीक आहे. पुढचा आठवडा. सोमवार ते शुक्रवार बघते. शुक्रवारी संध्याकाळी सांगेन, त्यावर चर्चा नाही."

त्याच्या पुढच्या सोमवारी सुनेला कामावर हजर व्हायचं होतं. म्हणजे पाच दिवसांत काय तो निकाल. कापड टिकलं तर टिकलं, नाहीतर डायपरचं पुडकं घरात येणार आणि काटाबाई आपल्याच नातीची गुंडाळी आपल्याच हाताने पट्ट्यावरून उचलणार.

आता पोर चारचौघांत जाणार. काटाबाईला वाटलं, कचऱ्यात काम करणाऱ्या बाईच्या घरचं कापड म्हणून कोणी नाक मुरडायला नको. पट्ट्यावर कपड्यांच्या कंडिशनरच्या बाटल्या रोज येतात. लोक तळाशी बोटभर ठेवून बाटली फेकतात. शेडमधल्या सगळ्याच बायका ते बोटभर ओतून ओतून एक बाटली भरतात, आणि तशी भरलेली निळी बाटली घरी नेणं हा त्यांचा हक्कच समजला जातो. काटाबाईने ती बाटली आजवर पडद्यांसाठी ठेवली होती. रविवारी तिने बादलीत चांगलं दोन टोपणं कंडिशनर ओतलं आणि तीन डझन लंगोट, घड्यांसकट, त्यात बुडवले. वाळल्यावर ते सशासारखे मऊ झाले. सुनेने गालाला लावून पाहिले आणि म्हणाली, "आई, हे तर दुकानातल्यासारखे वाटतात." त्या दिवशी काटाबाईने भांडी घासताना गाणं गुणगुणलं.

सोमवारी गादी भिजली. दोनदा.

काटाबाई कामावरून तशीच पाळणाघरात गेली. "वेळेवर बदललं नसेल," ती उंबऱ्यातूनच म्हणाली.

"अर्ध्या तासापूर्वी बांधलं होतं," ताई म्हणाल्या. "घड्याळ तिथं भिंतीवर आहे, मला खोटं बोलायची हौस नाही."

"आठ मुलांत एखादं विसरायला होतं."

"काकू, मी अजून एकाही मुलाला विसरले नाही. तुम्ही तेवढं तुमचं कापड बघा."

काटाबाई घरी येऊन धुसफुसली. तिने कापड बघितलं म्हणजे काय केलं, तर पुन्हा धुतलं आणि या वेळी तीन टोपणं टाकली. गबाळं कापड म्हणून बोट दाखवायला जागाच ठेवायची नाही, असा तिचा हिशेब.

मंगळवारी ठमीचं झबलं पाठीपर्यंत ओलं होऊन घरी आलं, सोबत ताईंचं पांघरूणही. सुनेने ओल्या कपड्यांची पिशवी मोरीत ठेवली आणि तिथेच उभी राहिली.

"तू घडी उलटी घालत असशील," काटाबाई म्हणाली. "जाड बाजू पुढे लागते, किती वेळा सांगायचं?"

"पाच महिने तशीच घालतेय."

"मग ढिलं बांधत असशील."

"पाळणाघरात मी बांधते का? ताई बांधतात."

"त्यांना शिकवायचं कोणी?"

सून एरवी वाद वाढवणारी नव्हती. त्या दिवशी तिने हात पुसले आणि शांतपणे म्हणाली, "आई, सोमवारी मला दुकानात उभं राहायचंय. तुम्ही शेडवर शब्द दिलात. मला विचारून दिलात का? त्या शब्दासाठी मी नोकरी सोडू?"

काटाबाईने पिशवीतलं झबलं काढून नळाखाली धरलं. तेवढ्यात मुलगा आला. त्याच्या काखेत डायपरचं पुडकं होतं, त्यावर हसणाऱ्या गुबगुबीत बाळाचं चित्र. दोघींची तोंडं पाहून त्याने ते गुपचूप कपाटावर ठेवलं आणि अंघोळीला पळाला. भांडणाच्या वेळी पळण्यात तो बापावर गेला होता.

बुधवारी शेडमध्ये चिंध्यांचा दिवस होता. आलेले जुने कपडे दोन ढिगांत लावायचे. एक गॅरेजवाल्यांना पुसण्यासाठी जातो, दुसरा गाद्यांत भरायला. कोणतं कापड कुठल्या ढिगात, हे ठरवायची शेडची जुनी पद्धत आहे. डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही. पाण्याचा पेला जवळ ठेवायचा, त्यात बोटं बुडवून कापडावर थेंब टाकायचे. थेंब पटकन आत गेला तर कापड 'पितं', पुसायच्या ढिगात. वर बसून राहिला तर 'पीत नाही', गादीत. नवीन आलेल्या मुलींना हे काटाबाईच शिकवायची.

त्या दिवशी तिच्या हाताला एक टॉवेल लागला. जाड, स्वच्छ, जवळपास नवा. पुसायला याच्यासारखं दुसरं नाही, असं वाटावं असा. तिने थेंब टाकला. थेंब अळवाच्या पानावर बसावा तसा बसला आणि घरंगळून खाली गेला. तिने दुसऱ्या बाजूने टाकला, तरी तेच. मग तिने टॉवेल नाकाशी नेला. तिच्या घरच्या बादलीला येत होता, अगदी तोच फुलांचा वास.

तिने टॉवेल खाली ठेवला नाही. हात नुसता हवेत राहिला.

"काय गं?" बुटकी म्हणाली. "विंचू निघाला का?"

"हे मऊ करायचं पाणी," काटाबाई हळूच म्हणाली, "कापडावर मेण चढवल्यासारखं चढतं. मग कापड पीत नाही."

"ते जुनंच आहे. म्हणून तर वासाचे टॉवेल आपण गादीत टाकतो. तूच नाही का शिकवलंस?"

"मीच शिकवलं."

बुटकीने तिच्या तोंडाकडे पाहिलं. अठरा वर्षं शेजारी उभं राहिलेल्या माणसाला फार सांगावं लागत नाही. "लंगोटांना लावलंस?"

काटाबाईने मान हलवली. बुटकी हसेल, अख्ख्या पट्ट्याला ओरडून सांगेल, अशी तिची खात्री होती. बुटकीने फक्त हात धुवायला ठेवलेल्या आपल्या पुड्यातला धुण्याचा सोडा कागदात बांधून तिच्या पिशवीत टाकला. "उकळव. दोनदा. पाण्याला तवंग यायचा थांबला की समज सुटलं," ती म्हणाली. मग तिला राहवलं नाही. "आणि ती निळी बाटली मला दे. माझे पडदे खरखरीत झालेत."

घरी जाताना काटाबाईने वाटेत तीन वेगवेगळी वाक्यं तयार केली. एकात बाटलीचा दोष होता, दुसऱ्यात पाण्याचा, तिसऱ्यात कोणाचाच नव्हता. दारात सून ठमीला आणि पुन्हा ओल्या कपड्यांची पिशवी घेऊन उभी होती आणि तिन्ही वाक्यं आटली. काटाबाईने दोरीवरचा लंगोट ओढला, टेबलावर पसरला आणि त्यावर चमचाभर पाणी सोडलं. पाणी कडेपर्यंत पळत गेलं आणि फरशीवर टपकलं.

"बघितलंस?" ती म्हणाली. "चूक माझी. मऊ करायच्या नादात मीच बिघडवले. तुझी घडी सरळ होती."

सुनेने फरशी पुसायला फडकं घेतलं. "आणि गाठ?"

"गाठही घट्टच होती."

"ताईंनाही बोललात तुम्ही."

"त्यांना उद्या सांगते. सगळं एकाच दिवशी गिळवत नाही."

सून हसली. मग दोघींनी मोठं पातेलं चढवलं, सोडा घातला आणि लंगोट उकळले. पहिल्या पाण्यावर तेलकट तवंग आला, फुलांचा वास घरभर सुटला. दुसऱ्या पाण्यावर तवंग कमी झाला. तिसरं पाणी नुसतं गढूळ निघालं. कापड पुन्हा पहिल्यासारखं जरा खरबरीत झालं. काटाबाईने थेंब टाकला. थेंब नाहीसा झाला.

गुरुवारी सकाळी इस्त्री फिरवून वाळवलेले दहा लंगोट घेऊन ती पाळणाघरात गेली. "ताई, सोमवारी मी तुमच्यावर आळ घेतला," ती म्हणाली. "कापडात खोट होती. ती मी घातली होती." तिने झालेलं सगळं सांगितलं, टोपणांच्या आकड्यासकट. ताईंनी ऐकून घेतलं आणि आतून आपलं हात पुसायचं फडकं आणलं. तेही मऊ होतं, सुगंधी होतं. त्यावर थेंब टाकला. थेंब बसून राहिला.

"तरीच," ताई म्हणाल्या, "चार महिने म्हणतेय मी, हात कोरडे का होत नाहीत."

गुरुवारी गादी कोरडी राहिली. शुक्रवारीही. संध्याकाळी सून निकाल ऐकायला गेली तेव्हा काटाबाई मागे उभी होती, तोंड मिटून. तिला तसं उभं राहायला किती कष्ट पडतात, हे सुनेला मागे न वळताही कळत होतं.

"गादीबद्दल माझं काही म्हणणं नाही," ताई म्हणाल्या. "पण वापरलेले लंगोट पिशवीतून वास मारतात. बाकीच्या आयांना काय सांगू?"

काटाबाईने अर्ध्या तासात रंगाची रिकामी, घट्ट झाकणाची बादली आणली. शेडमधून रीतसर विचारून घेतलेली, घासून पांढरी केलेली. झाकण लावून ती ताईंच्या नाकाखाली धरली. ताईंनी हुंगलं, खांदे उडवले आणि बादली मोरीच्या कोपऱ्यात ठेवली. "सोमवारी नऊला आणा," त्या सुनेला म्हणाल्या. "उशीर चालत नाही."

कपाटावरचं पुडकं मात्र सुनेने फेकलं नाही. "लांबच्या प्रवासाला वापरेन, आई. बसमध्ये मला बादली धरायची नाही," ती म्हणाली. काटाबाईचा चेहरा आंबला, पण या वेळी तिने आधी विचारलं, "वापरलास की कुठं टाकशील?" सून म्हणाली, "तुम्ही सांगाल तसं." दोघींचं ठरलं: कागदात गुंडाळायचा, वर मोठी लाल फुली मारायची, सुक्या कचऱ्यात घालायचा नाही.

सून सोमवारी कामावर गेली. महिन्याभरात पाळणाघरातल्या आणखी दोन आयांनी कापड आणायला सुरुवात केली, आणि मोरीच्या कोपऱ्यात तीन बादल्या झाल्या. एवढंच झालं. शेडमध्ये गुंडाळ्या अजून येतात, पुठ्ठ्याच्या खोक्यांत, रोज.

तुमचं मूल पाळणाघरात जात असेल, किंवा नातवंड, किंवा शेजारचं कोणी, तर उद्या सोडायला जाल तेव्हा दारात दोन मिनिटं थांबा आणि तिथल्या बाईंना विचारा: मोरीत कापडी लंगोटांसाठी झाकणाची एक बादली ठेवाल का? आम्ही आणून देतो. त्या नाही म्हणाल्या, तर परवा पुन्हा विचारा.