घट्ट झाकण

प्रल्हाद मुळ्ये अमेरिकेत, ॲरिझोनातल्या चँडलरला मोठा इंजिनियर झाला खरा, पण पाणी मात्र कोकणातल्या घरच्यासारखंच प्यायचा. मान मागे, भांडं वर, ओठ लागता कामा नये. उष्टं भांडं हातात आलं तर आधी विसळायचं. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये हा गडी कागदी कपातूनसुद्धा धार धरायचा, आणि गोरे साहेब घास हातात धरून बघत राहायचे.

चौऱ्याऐंशीच्या एप्रिलात त्याला आणि एकनाथला लहर आली, की बसमध्ये सायकली टाकून टेक्सासातल्या एल पासोला जायचं आणि वाळवंटातून सायकल मारत घरी यायचं. एकनाथ नागपूरचा, त्याच्याच कंपनीतला, तोंडानं फटकळ, मनानं लोणी. बायकांनी वेड्यात काढलं, तरी निघाले. वाटेतल्या डेमिंग गावापर्यंत मजेत आले. पुढे समोरून असा वारा सुटला, की सायकल पुढे सरकायचं नाव घेईना. आता वाऱ्यात वरून पाणी प्यायचं म्हणजे निम्मं घशात, निम्मं शर्टावर. प्रल्हादच्या बाटल्या दुपारीच कोरड्या पडल्या.

त्यात एकनाथच्या चाकात काटा घुसला. पंक्चर काढता काढता त्यानं आपली उरलेली बाटली पुढे केली. दोन घोट घे, बाकीचं मला ठेव, म्हणाला. प्रल्हादनं झाकण काढलं आणि पुढचं काम त्याच्या हातांनी त्याला न विचारताच केलं. काठावरून पाणी फिरवलं, बाटली खळखळून विसळली आणि होतं नव्हतं ते पाणी फेकून दिलं. वाळूवर डागसुद्धा टिकला नाही. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला.

एकनाथनं बाटली मागितली, तर प्रल्हाद बोलून गेला, की झाकण ढिलं होतं, सगळं सांडलं.

एकनाथनं कपाळावर हात मारला. "माझीच चूक बे. माझ्यापायी तूपण तहानलेला राहिला."

थोड्या वेळानं एकनाथच्या पायांत गोळे आले, डोळ्यांपुढे अंधारी आली. तो रस्त्याकडेला आडवा झाला. प्रल्हाद आपल्या अंगाची सावली त्याच्या तोंडावर धरून उभा. शेवटी एका म्हाताऱ्या मेक्सिकन बाईनं ट्रक थांबवला, पाणी पाजलं आणि सायकलींसकट गावात पोचवलं, म्हणून निभावलं.

पण त्यानंतर एकनाथ प्रत्येक पार्टीत ती गोष्ट रंगवायचा आणि दोष स्वतःवर घ्यायचा. त्याची बायको सुचित्रा लोणच्याची बरणी त्याच्या हातात देताना टोमणा मारायची, की घट्ट लावा, परत कुणाला वाळवंटात मारायचंय का. मंडळी हसायची. प्रल्हाद ताटात बघायचा.

दिवाळीला सगळे त्याच्याच घरी जमले होते. टोमणा आला, हसू उठलं. प्रल्हादनं चकली खाली ठेवली.

"झाकण घट्ट होतं," तो म्हणाला. "पाणी मी ओतलं. बाटली विसळली."

एकनाथचं हसू मावळलं. "माझी उष्टी म्हणून?"

"कुणाचीही विसळली असती. वीणाचीसुद्धा."

त्याची बायको वीणा हळूच म्हणाली, की ते मात्र खरं आहे.

एकनाथनं आपला अर्धा प्यायलेला ताकाचा पेला प्रल्हादपुढे सरकवला. "पी."

प्रल्हादची मान सवयीनं मागे गेली. ती त्यानं सरळ केली, पेला ओठांना लावला आणि तळापर्यंत प्यायला.

"आता जा," एकनाथ म्हणाला, "विसळून आण."

प्रल्हाद उठून सिंकपाशी गेला. नळ सोडला. पाणी वाहत राहिलं, आणि पेला त्याच्या खाली धरायला काही त्याचा हात पुढे होईना.