हात तेवढे हवेत

"दो शेड गोरे करो। कोहनी तक।"

हे माझ्या हातांबद्दल होतं. पण दिग्दर्शिकेनं ते मला नाही, मेकअपवालीला सांगितलं होतं. मी दोन्ही हात टेबलावर टॉवेलवर पसरून बसले होते, बाजारात मुळे मांडून ठेवतात तसे. तिनं स्पंजानं रंग चोपडायला सुरुवात केली. बोटांच्या पेरांवर दोनदा, कारण तिथे मी जास्त काळी आहे. नखांच्या कडेनं बारीक ब्रश फिरवला. मधेच मान वळवून विचारलं, "और करूँ, मैम?" मला नाही विचारलं. अठ्ठावन्न वर्षं हे हात माझे होते. पंधरा मिनिटांत ते शीला दामलेचे झाले.

शीला दामले ही खरी बाई नाही. टीव्हीवर येऊ घातलेल्या एका मालिकेतली सेक्रेटरी आहे. मालिका ऐंशीच्या दशकातल्या दिल्लीची, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका ऑफिसातली. शीला टाचांचे सँडल वाजवत येते. साहेबाच्या डोळ्याला डोळा भिडवते. त्याचं चुकलेलं इंग्रजी त्याच्या तोंडावर सुधारते. तिचं काम करणाऱ्या नटीला शॉर्टहँड येत नाही. आता कोणाला येतं म्हणा. मला येतं. म्हणून पेन्सिल चालवणारे हात जवळून दाखवायचे तेव्हा ते माझे, आणि बाकी सगळी बाई ती.

मला तिथे पाठवलं होतं आमच्या साहेबांनी. गुरुग्रामच्या एका टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर मी त्यांची सेक्रेटरी. मालिकेचा निर्माता त्यांचा दोस्त. माझ्याच टेबलाला टेकून, माझ्यासमोर साहेब त्याला म्हणाले, "ले जाओ यार। वैसे भी बैठी ही रहती हैं।" स्टेपलर उचलून द्यावा तसं दिलं मला. आणि मी हसले. साहेबलोकांच्या बोलण्यावर सदतीस वर्षं हसून हसून माझा चेहरा आता आपोआप हसतो, मला विचारतसुद्धा नाही.

दिग्दर्शिका मराठी निघाली. मृणाल. दिल्लीतच जन्मलेली, तिशी-पस्तिशीची, चुणचुणीत. पहिल्या भेटीत म्हणाली, "अच्छा, म्हणजे तुम्ही आपल्यातल्याच. काय मस्त ना, ताई." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. संहिता लिहायच्या आधी तीन शनिवार ती माझ्याकडे येऊन बसली. "मला सगळं सांगा," म्हणाली. मी सांगितलं.

करोल बागेतल्या टायपिंग इन्स्टिट्यूटचं सांगितलं. खाली गाड्यांच्या पार्टचं दुकान, वर आम्ही सतरा मुली, खालून ग्रीसचा वास येतोय आणि आम्ही शॉर्टहँडच्या हलक्या रेघा, जाड रेघा घोटतोय. माझे वडील फौजेत होते. कँटोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये आई मला वर्तमानपत्र वाचून डिक्टेशन द्यायची, तिला स्वतःला अडखळत वाचता यायचं तरी. मिनिटाला एकशे वीस शब्दांवर पोचले तेव्हा वडिलांनी युनिटमध्ये पेढे वाटले.

आणि मग कपाचं सांगितलं. ते मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

पहिली नोकरी कस्तुरबा गांधी मार्गावर होती. मालक पंजाबी. त्याला माझ्या आडनावात काहीच दिसलं नाही. दिल्लीत माझं आडनाव कोणाला कळत नाही, ते कळतं फक्त मराठी माणसाला. आणि तिथला हेडक्लार्क मराठी होता. त्यानं पहिल्याच दिवशी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग गावात घर कुठल्या बाजूला ते विचारलं. दुसऱ्या दिवसापासून माझा चहा वेगळ्या कपात येऊ लागला. बाकीच्यांचे कप ट्रेमध्ये. माझा खिडकीच्या कठड्यावर, कान तुटलेला, मीच धुवायचा आणि मीच परत ठेवायचा. आठ महिने मी त्यात चहा प्यायले. मूग गिळून, खाली बघून प्यायले.

नवव्या महिन्यात एक दिवस मालकाला घाईचं पत्र घालायचं होतं. चारच्या आत जायला हवं होतं, आणि ऑफिसात शॉर्टहँड येणारी मी एकटी. त्यानं "डिअर सर" म्हटलं. मी वही मिटली. म्हणाले, "सर, पहले मेरा कप।" त्याला कळेना. मी उठले, खिडकीतला तो कप आणला आणि त्याच्या टेबलावर, फायलींच्या मधोमध ठेवला. "आठ महीने से मैं इसमें पी रही हूँ। आपके हेडक्लार्क से पूछिए क्यों।" त्यानं हेडक्लार्ककडे बघितलं. हेडक्लार्कनं जमिनीकडे. ट्रेमधला कप आला. मी चहा पूर्ण प्यायले आणि मग वही उघडली. दोन महिन्यांत त्या हेडक्लार्कनं मला तिथून काढायला लावलं, ती गोष्ट वेगळी.

त्यानंतर मी मराठी माणसांना आडनाव सांगणं सोडलं. ऑफिसच्या पाटीवर नाव आणि एक इंग्रजी अक्षर. मराठी मंडळाच्या गणपतीला गेले नाही, हळदीकुंकवाला गेले नाही. एवढ्या वर्षांनी मृणालला सांगितलं. गावही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "अच्छा," म्हणाली. मग जरा थांबून पुन्हा "अच्छा." तिसऱ्या शनिवारी मी तिची ताई राहिले नव्हते. "मावशी," म्हणाली, "ती फाइल द्या ना जरा." आजकालच्या मुली सगळ्यांनाच मावशी म्हणतात, अशी मी मनाची समजूत घातली. मला ते झोंबलं होतं, पण कोणाला म्हणाले नाही.

तर त्या दिवशी सेटवर, हात वाळत घालून बसलेली मी, समोर रिहर्सल बघत होते. साहेब झालेला नट म्हणतो, "डिअर सर." शीला दामले वही मिटते. भुवई उडवते. म्हणते, "सर, पहले मेरी कॉफ़ी।" आणि साहेब हसत हसत उठून स्वतः तिच्यासाठी कॉफी आणतो. नक्षीदार बशीतून. सगळ्या युनिटनं टाळ्या वाजवल्या.

मी मृणालला हाक मारली.

"मृणाल, हे माझं आहे."

"हो ना मावशी. इन्स्पिरेशन तुमचंच. थँक यू बरं का."

"कप कुठे गेला?"

"अहो, त्यानं सीन किती जड होतो. लोकांना शीला स्ट्राँग बघायचीय. बिचारी नको."

"मी बिचारी नव्हते. आणि ती दामले का आहे मग?"

तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाज खाली घेतला. फार गोड बोलली. "राग मानू नका हं. पण त्या काळात अशा ऑफिसात तुमच्यातल्या बायका कुठे होत्या? ऑथेंटिक नाही वाटणार. आणि टेन्शन कशाला घेता, हात तर तुमचेच आहेत. मला हात तेवढे हवेत."

आपल्यातली होते, तिसऱ्या शनिवारपर्यंत तुमच्यातली झाले होते. मी पुन्हा जाऊन स्टुलावर बसले.

जेवणाची सुट्टी झाली. मृणालची असिस्टंट ओरडली, "हैंड्स को खाना मत देना, मेकअप ख़राब होगा।" हँड्स म्हणजे मी. सगळे जेवले. पनीर होतं, गाजराचा हलवा होता. मी टॉवेलवर हात ठेवून बसले. घसा कोरडा पडला तेव्हा पाणी मागितलं. सेटवर चहापाणी बघणारे एक काका आले, माझ्याच वयाचे, बाटली घेऊन. मागून तीच असिस्टंट म्हणाली, "बोतल को मुँह मत लगाना, सबकी है।" काकांनी मला मान वर करायला सांगितली आणि वरून पाणी ओतलं.

वरून. वीतभर उंचीवरून. थोडं तोंडात गेलं, बाकीचं हनुवटीवरून साडीवर.

माझे वडील सांगायचे, त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीवर असंच. ओंजळ धरायची आणि कोणीतरी वरून ओतायचं, मनात आलं तर. त्यासाठी ते गाव सोडून फौजेत गेले. त्यासाठी त्यांनी मला वर्दीतल्या पगारावर शिकवलं. आणि मी दिल्लीच्या एका एसी स्टुडिओत, पोरीबाळींसमोर तोंड वासून बसले होते, आणि मला ओंजळसुद्धा धरता येत नव्हती कारण हात गोरे होते. काकांचा काही दोष नव्हता. ते "सॉरी बहनजी" म्हणाले. सगळ्या दिवसात मला सॉरी म्हणणारा तो एकच माणूस.

मग माझा शॉट. कॅमेरा माझ्या मनगटांपासून वीतभरावर. शीलाची वही, शीलाची पेन्सिल, शीलाची अंगठी माझ्या बोटात. मृणाल म्हणाली, "मावशी, काहीही खरडा. वाचणार आहे कोण?"

शॉर्टहँड आवाजावर चालतं. इंग्रजी असो, हिंदी असो, मराठी असो, कानावर पडलं ते कागदावर येतं. आणि स्टेनोची एक सवय असते, ती मरेपर्यंत जात नाही. दिवसभरात जे बोललं गेलं ते डोक्यात ओळीनं बसलेलं असतं. कोण बोललं, कशानंतर बोललं, सगळं. मी लिहीत गेले. पान भरलं, उलटलं, दुसरं भरलं. पेन्सिल अडखळली नाही. "कट" झालं. मृणाल खूश. "परफेक्ट मावशी. काय हात चालतो."

निर्माता पाहुणे घेऊन आलेला. त्याला गंमत वाटली. "मैडम, ज़रा पढ़ के तो सुनाइए, क्या लिखा है।"

आता आमच्या कामाचा एक नियम आहे. डिक्टेशन संपलं आणि वाचून दाखवायला सांगितलं की स्टेनोनं वाचायचं. शब्द गाळायचा नाही, आपला घालायचा नाही, सुधारायचा नाही. मी उभी राहिले आणि वाचलं.

"'दो शेड गोरे करो, कोहनी तक।' मृणाल जी, सुबह। 'हैंड्स को खाना मत देना।' मृणाल जी की असिस्टेंट, लंच में। 'बोतल को मुँह मत लगाना, सबकी है।' वही। 'तुमच्यातल्या बायका कुठे होत्या।' मृणाल जी। ये मराठी है। मतलब, आपकी जात की औरतें तब दफ़्तरों में थीं ही कहाँ।"

नटी तिची ती भुवई वर करून बघत होती, ती तशीच राहिली. मी पुढचं पान उलटलं. तिथलं तेवढं माझं स्वतःचं होतं.

"मैं थी। इसी सड़क के दफ़्तर में थी। ये वाला सीन मेरा है। कॉफ़ी नहीं थी, टूटा हुआ कप था, और वो खिड़की में रखा जाता था।"

मृणालचा चेहरा लाल झाला होता. मराठीत बोलली, बाकीच्यांना कळू नये म्हणून. "मावशी, प्लीज. पर्सनल नका घेऊ. मला जात वगैरे कळतसुद्धा नाही." मग हिंदीत, टाळी वाजवून, "चलो, एक और टेक।"

मी बाथरूममध्ये गेले. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. बेसिनमध्ये पांढरट पाणी साचलं. घासून घासून कातडी चुरचुरली. परत आले आणि टेबलावर हात ठेवले, पेरांवर काळे, आईसारखे. "हे हात घ्यायचे असतील तर घ्या. दुसरे माझ्याकडे नाहीत." कोणी घेतले नाहीत. मी अंगठी काढून ठेवली आणि मेट्रोनं घरी आले. वही मात्र घेऊन आले.

सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "नोटबुक लाइए।" मी वही उघडून बसले. ते खिडकीकडे तोंड करून डिक्टेशन देऊ लागले, नेहमीसारखं, इंग्रजीत. आदरणीय मृणालजी, शनिवारच्या माझ्या असभ्य वागणुकीबद्दल मी तुमची बिनशर्त माफी मागते. माझ्या तोंडून जे गेलं ते रागाच्या भरात गेलं आणि ते खरं नव्हतं.

म्हणजे माझी माफी ते मला तोंडी सांगत होते, आणि मी ती उतरवून, टाइप करून, खाली सही करून त्यांच्या टेबलावर आणायची होती. मेल्या हाताला सवयच इतकी की पहिलं वाक्य मी लिहूनसुद्धा टाकलं. "ते खरं नव्हतं" इथे पेन्सिल थांबली. सदतीस वर्षांत डिक्टेशनच्या मधे माझा हात दोनदाच थांबला. त्या कपाच्या दिवशी, आणि हा.

"सर, ये मैं नहीं लूँगी।"

ते वळले. चिडले नव्हते. घड्याळ बघत म्हणाले, "अगले साल रिटायरमेंट है आपका। सोच लीजिए। आप लोगों को इतने साल रखा है हमने।"

आप लोगों को. तेही मी उतरवून घेतलं. त्यांच्यासमोर, त्या अर्धवट माफीच्या खालीच.

टेबलावर येऊन मी एक पत्र टाइप केलं. वहीतलं सगळं, शनिवारपासून सोमवारपर्यंत, कोण काय बोललं ते, जसंच्या तसं. माझं एकही विशेषण नाही. साहेबांना, निर्मात्याला आणि मृणालला पाठवलं. खाली नाव टाकलं. माझं, वडिलांचं आणि आडनाव, सगळं पूर्ण. ऑफिसच्या मेलवर माझं आडनाव तेव्हा पहिल्यांदा गेलं. दुपारी तीनला माझं गेटचं कार्ड बंद झालं.

मालिका येईल. शीला दामले भुवई उडवेल, कॉफी मागेल, तिचं कौतुक होईल. होऊ दे. माझा शॉट त्यांनी टाकून दिला असेल, आणि हातांच्या जवळून घेतलेल्या नव्या शॉटमध्ये दुसऱ्या कोणीतरी वेड्यावाकड्या रेघा मारल्या असतील. कोणाला त्या वाचता आल्या नाहीत तरी मला येतील, आणि त्यांत काहीच लिहिलेलं नाही हे मी सांगत फिरणार आहे. कप कोणाचा होता तेही.

हे वाचणारे बहुतेक मराठी असणार, म्हणून तुम्हालाही स्पष्ट सांगते. मघापासून तुम्ही माझं आडनाव शोधताय. त्या हेडक्लार्कनं शोधलं होतं तसंच, तेवढ्याच सभ्यपणे. इथे नाही मिळणार. माझ्या दारावर आहे, नवीन पाटी करून घेतलीय, मोठ्या अक्षरांत, मराठीत. घंटी वाजवायच्या आधी नीट वाचा आणि मग ठरवा आत यायचं का. दार मीच उघडेन. वही माझ्या हातात असेल, आणि तुम्ही जे बोलाल ते मी शब्दन्‌शब्द लिहून घेईन.